कोटांच्या खोलीतली सिस्टर

सिस्टर माझ्या स्वप्नात येतात तेव्हा चक्क नागपुरी बोलतात. "काय करून राहिली वं, साडेएकोणतीस? खिडकी उघड ना जराशी!" आता ह्याला काय म्हणावं, सांगा. बाई जन्मभर मिशिगनमध्ये राहिलेल्या, ऐंशी कधीच ओलांडलेल्या, कॅथलिक नन. मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. बोलायच्या इंग्रजीच, तेही तोंडात टाचण्या धरून, म्हणजे निम्मे शब्द गिळून. पण मला त्यांचं इंग्रजी आठवतच नाही. त्यांचं जे काही माझ्यापाशी उरलंय ते माझ्याच भाषेत उरलंय, म्हणून इथंही तसंच लिहिते.

साडेएकोणतीस म्हणजे मी. मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंत माझी बाही साडेएकोणतीस इंच भरते. सिस्टरांना नावं लक्षात राहायची नाहीत, बाह्या राहायच्या. विद्यापीठाचे प्रेसिडेंट म्हणजे छत्तीस. माझी पुण्याची रूममेट तीस. चॅपलमधले फादर चौतीस, "पण त्याचा डावा हात अर्धा इंच लांब आहे, त्याला सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेईल." चाळीस वर्षं भूमिती शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि त्यानंतर जुन्या विटांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, कोटांची खोली चालवत होत्या.

ही कोटांची खोली म्हणजे काय, ते सांगते. गरम देशांतून शिकायला आलेली मुलं ऑगस्टमध्ये टी-शर्ट घालून उतरतात. नोव्हेंबरात मिशिगनचा वारा सुटला की त्यांना कळतं आपण कुठं येऊन पडलोय ते. गावातले लोक आपले जुने हिवाळी कोट विद्यापीठाला देत, आणि ज्याला हवा त्यानं त्या खोलीतून घ्यावा, अशी रीत होती. खोलीला पूर्वेकडं मोठी खिडकी. बाहेर बर्फ पडत असलं की आत सगळीकडं एक पांढुरका उजेड भरायचा, आणि त्या उजेडात दीड-दोनशे कोट रांगेनं टांगलेले. डांबरगोळ्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास. मला पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी खूप माणसं इथं येऊन अंग काढून ठेवून गेलीयेत आणि बाहेर बर्फात खेळतायत.

नवा आलेला कोट सिस्टर लगेच कोणाला देत नसत. त्याला तीन दिवस खिडकीशी टांगायच्या. "प्रवास करून आलाय. दमलाय. आधीचं माणूस विसरू दे त्याला." हे सगळं अगदी गंभीरपणे, हं. मग तो उसवायचा. अस्तर पूर्ण काढायचं, नवं लावायचं, बटणं बदलायची, आणि ज्याला द्यायचा त्याच्या अंगावर घालून, पुन्हा उसवून, पुन्हा घालून, तीनदा फिटिंग करायचं. पोरं कंटाळायची. रूममेट म्हणायची, "अगं, फुकटचा कोट घ्यायला तीन अपॉइंटमेंट्स? लग्नाचा शालू शिवून देतायत का, यार?" सिस्टरांचं म्हणणं एवढंच होतं, की अंगात न बसणारा कोट म्हणजे दया झाली, आणि अंगात बसणारा म्हणजे न्याय. विटका, भोकं पडलेला कोट कोणी दिला तर त्या तो स्वतः पत्त्यावर परत पोचवून यायच्या. "तुमचा कचरा चुकून आमच्याकडं आला होता," असं गोड बोलून.

दया आणि न्याय हे शब्द त्या विद्यापीठात जिकडंतिकडं होते. फाउंडर्स वीक आला की दिव्यांच्या खांबांवर निळे झेंडे लागत; एका खांबावर 'चॅरिटी', पुढच्यावर 'जस्टिस'. विद्यापीठाची जन्मकथा तिथं सगळ्यांना पाठ. फार वर्षांपूर्वी भर थंडीत चार सिस्टर ह्या गावात उतरल्या, कारखान्यातल्या मजुरांना त्यांनी सूप वाटलं, त्यांच्या बायकांसाठी शिवणवर्ग काढला, आणि त्या वर्गाचं वाढत वाढत विद्यापीठ झालं. त्या आठवणीत दर वर्षी प्रेसिडेंट आणि डीन मंडळी ॲप्रन बांधून सगळ्यांना सूप वाढायची. चांगलंच होतं ते, मी नावं ठेवत नाही. सूपही बरं असायचं.

पण सिस्टर त्या रांगेत कधी दिसल्या नाहीत. त्या वेळी त्या प्रशासनाच्या इमारतीच्या पायरीवर बसलेल्या असत, बर्फात, मांडीवर थर्मास घेऊन. बरोबर एक तास. कारण त्यांच्या मते गोष्ट अर्धीच सांगतात. सूप वाटून झाल्यावर त्या चार सिस्टर कारखानदाराच्या घरी गेल्या होत्या आणि कामावर मेलेल्या मजुरांच्या विधवांना त्यांचा हक्क मिळेपर्यंत त्याच्या पायरीवरून उठल्या नव्हत्या. "सूप सगळ्यांना आठवतं," सिस्टर म्हणायच्या, "पायरी कोणाला आठवत नाही." येणारे जाणारे घाबरून विचारत, "सिस्टर, यंदा काय मागणी आहे?" त्या सांगत, "यंदा काही नाही. सराव करतेय. सवय मोडू नये."

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. मी आता मिशिगनमधल्याच नोव्हाय गावात एका गाड्यांच्या कंपनीत आहे, तिथून दीड तासाचा ड्राइव्ह. अंत्यविधीला जाऊन आले. खूप बर्फ होतं, खूप माणसं होती, आणि सगळ्यांचे कोट कसे नीट बसले होते ते मी बघत बसले. रडायचं सोडून हेच बघत बसले, घ्या. असो. मला सांगायची आहे ती माझी गोष्ट, म्हणजे त्यांचीच.

माझी पणजी गावातल्या मोठ्या घरांसमोर पदर पसरून उभी राहायची आणि त्या घरच्या बाया ओट्यावरून आपलं जुनं लुगडं खाली टाकायच्या. हातात द्यायच्या नाहीत, टाकायच्या. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी घरी येऊन असले सगळे कपडे अंगणात काढले आणि पेटवून दिले, आणि घराला एक नियम घातला: उघडं राहू, पण कोणाचं उतरलेलं अंगावर घालणार नाही. आमच्या घरात हा नियम कोणी मोडला नाही. बाबांनी वीज खात्यात खांबावर चढून तिघा पोरांना शिकवलं, पण मावसभावाचा शर्टसुद्धा आम्हाला कधी घालू दिला नाही. भलताच कडक माणूस.

आणि मी, त्यांची मुलगी, मिशिगनमध्ये दोन स्वेटर एकावर एक घालून फिरत होते. नवा कोट घ्यायची ऐपत नव्हती, घरी मागायची सोय नव्हती. बाबा व्हिडिओ कॉलवर रोज विचारायचे, "थंडी वाजते काय पोरी?" मी हीटरला पाठ लावून सांगायची, "नाही हो बाबा, मस्त आहे." डिसेंबरात ताप आला. रूममेटनं हाताला धरून, अक्षरशः ओढत, कोटांच्या खोलीत नेलं.

सिस्टरांनी न बोलता टेप लावली, कागदावर माप टिपलं, एक तपकिरी कोट काढला. मी म्हटलं, नको. का नको, ते मी तोवर अमेरिकेत कोणालाच सांगितलं नव्हतं. रूममेटलाही नाही, असल्या गोष्टी सगळ्यांना सांगता येत नाहीत, ज्याला कळतं त्याला कळतं. पण तापात असेन म्हणून असेल, मी सगळं बोलून टाकलं. ओटा, पदर, अंगणातली आग, सगळं. सिस्टरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून शिवणाच्या छोट्या उशीला टोचल्या. मला वाटलं, आता समजावतील. आपण सगळी देवाची लेकरं, वगैरे.

त्या म्हणाल्या, "तुझे आजोबा बरोबर होते." आणि कोट परत टांगला. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "पण मला बटणं लावायला माणूस हवाय. येशील?"

म्हणून मी कोट न घेता कोटांच्या खोलीत कामाला लागले. दुपारी लेक्चर संपलं की तिथं. मला धड सुई धरता येत नव्हती. पहिल्या आठवड्यात मी लावलेली सगळी बटणं त्यांनी तोडली. "इंजिनिअर ना तू? मग हे काय? ह्यानं पूल बांधशील? पडेल!" पण खोली ऊबदार होती, आणि काम करता करता वेळ कुठं जायचा ते कळायचं नाही. बर्फ पडत राहायचं, मशीनचा आवाज खाली-वर होत राहायचा, कोट एकमेकांना हळूच घासायचे. कधी कधी तासभर आम्ही बोलायचो नाही. कधी त्या भूमिती शिकवायच्या. खांद्याचा गोल कसा कापायचा हे त्यांनी मला वर्तुळ काढून, प्रमेय सांगून शिकवलं. त्या खोलीत 'थँक यू' म्हणायला मात्र बंदी होती. कोणी म्हटलंच, तर त्याला बसवून एक बटण लावून घ्यायच्या. मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या घरी तरी आईला कोण थँक यू म्हणतं?

मार्चमध्ये फाउंडर्स वीक आला आणि मी माती खाल्ली.

देणगीदार सांभाळणाऱ्या ऑफिसातल्या एका साहेबांनी मला बोलावलं. फार गोड माणूस, कॉफी दिली, घरचं विचारलं. मग म्हणाले, यंदाच्या समारंभात एक छोटीशी कल्पना आहे. ज्या वयस्कर जोडप्यानं यंदा सगळ्यात जास्त कोट दिले, ते स्टेजवर एका विद्यार्थिनीला स्वतःच्या हातानं कोट घालतील. दोन मिनिटं, एक फोटो. कोटांच्या खोलीची जागा दुसऱ्या कामाला हवी आहे, असं काही लोक म्हणतायत. असा समारंभ झाला तर खोलीला बळ मिळेल. तू भारतातली, बोलतेस छान. करशील ना?

मी म्हटलं, "शुअर, नो प्रॉब्लेम."

आता हे असं का म्हटलं, ते आपल्या लोकांना सांगायला नको. समोरचा मोठा माणूस, कॉफी पाजतोय, गोड बोलतोय, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? भीड म्हणतात ती हीच. वर मी स्वतःला पटवलं, की कोट नंतर परत करून टाकू, घालणं थोडंच आहे ते, आणि खोली वाचेल. सिस्टरांना सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच नाही. रूममेट म्हणाली, "फोटोच तर आहे गं. चिल." पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

समारंभाच्या दिवशी हॉल भरला होता. सिस्टर पायरीवरचा तास संपवून, ओल्या बुटांनी येऊन तिसऱ्या रांगेत बसलेल्या मला दिसल्या. साहेबांनी माइकवर माझं नाव घेतलं, चुकीचंच घेतलं. ते जोडपं पुढं आलं. म्हातारे गृहस्थ मरून रंगाचा कोट दोन्ही हातांत धरून उभे. तेही बिचारे अवघडलेले. मला पाठमोरं उभं राहायला सांगितलं होतं, हात मागं करून. म्हणजे त्यांना कोट चढवता येईल.

मी वळले. आणि माझे हात मागं जाईनात.

खरंच जाईनात. पुढं चारशे माणसं हसऱ्या चेहऱ्यानं बघतायत, मागं तो कोट, आणि माझे हात पोटाशी घट्ट. मला पणजी दिसत होती. मी तिला कधी पाहिलेलं नाही, तिचा फोटोही नाही, पण मला ती तिथं दिसत होती, पदर पसरलेली, आणि मी स्टेजवर कुणाच्या जागी उभी आहे ते मला कळत होतं. साहेब हळूच म्हणाले, "आर्म्स, डिअर." लाजेनं मेल्यासारखं झालं. पळून जावं तर पाय हलेनात.

"थांबा!"

सिस्टर उठल्या. तिसऱ्या रांगेतून निघून, स्टेजच्या पायऱ्या एकेक चढत त्या वर आल्या. कोणाची घाई नाही, काही नाही. गळ्यात टेप होतीच. त्यांनी गृहस्थांच्या हातातून कोट घेतला, बाहीला टेप लावली, अस्तर उलटून पाहिलं, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एकतीस. हा हिचा नाही. अस्तर बदललेलं नाही, फिटिंग झालेलं नाही, आणि हिनं कोट मागितलेलाही नाही. असा कोट माझ्या खोलीतून कोणाच्या अंगावर जात नाही."

साहेब माइक धरून हसत होते. दुसरं करणार काय? सिस्टरांनी कोट दंडावर टाकला, माझा हात धरला, आणि जाता जाता त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडं वळल्या. "उद्या दुपारी मोकळे आहात का? उसवायला मला माणूस लागतो. तिसरा मजला." आणि आम्ही दोघी स्टेजवरून उतरून, मधल्या वाटेनं चालत हॉलबाहेर गेलो. पाठीमागं कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढी शांतता मी त्या विद्यापीठात पुन्हा ऐकली नाही.

बाहेर आल्यावर मात्र त्यांनी मला असं झापलं की विचारू नका. "मला विचारलं का नाहीस?"

"नाही म्हणता आलं नाही, सिस्टर."

"तुझ्या आजोबांना आलं होतं ना? मग घरात कुठंतरी असेलच की ते. शोध!"

मी बर्फात उभी राहून हमसून हमसून रडले. त्या शेजारी उभ्या होत्या, कोट दंडावर घेऊन. मी थरथरत होते, पण तो कोट त्यांनी माझ्यावर टाकला नाही. हे मी कधी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते म्हातारे गृहस्थ खरंच आले. बायकोलाही घेऊन आले. पुढं ते दर गुरुवारी यायचे आणि निमूटपणे अस्तरं उसवायचे, फार सुबक काम होतं त्यांचं. खोली मात्र वाचली नाही. उन्हाळ्यात ती तिसऱ्या मजल्यावरून काढली आणि लाँड्रीच्या इमारतीतल्या एका बिनखिडकीच्या जागेत ढकलली. मला फार वाईट वाटलं. सिस्टरांनी नव्या जागेत पहिल्याच दिवशी भिंतीवर खडूनं एक खिडकी काढली आणि कोट तिच्याशेजारी टांगले.

पण त्याआधी, त्याच मार्चमध्ये, त्यांनी आपल्या राहत्या खोलीतून एक गाठोडं आणलं. नवं कोरं लोकरीचं कापड, गिरणीतल्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. गडद निळं. मठातून त्यांना झग्यासाठी मिळालेलं, त्यांनी कधी शिवलंच नव्हतं. माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. "काप."

मी म्हटलं, "सिस्टर, हेही दानच झालं ना?"

एवढ्या चिडल्या! "तीन महिने बटणं कोणी लावली? भुतांनी? ही तुझी मजुरी आहे. मजुरीला नाही म्हणायचं नसतं, ती मागून घ्यायची असते. तू मागितली नाहीस, ही तुझीच चूक. काप आता."

मी कापलं. शिवलं, त्यांनी उसवायला लावलं. परत शिवलं, परत उसवलं. तीन आठवडे गेले. तोवर थंडी ओसरत आली होती, खिडकीबाहेर छपरावरून पाणी ठिबकत होतं. एका शनिवारी सकाळी शेवटचं काज पूर्ण झालं आणि मी तो कोट अंगात घातला. तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं संध्याकाळ झाली होती. पंखा फिरत होता, बाबा बनियनवर बसले होते.

त्यांचं लक्ष कोटाकडं गेलं.

"कोट कोणाचा हाय?"

"माझा."

"इकत घेतला?"

"शिवला. कामाच्या मजुरीचं कापड आहे. नवं."

मग मी सगळं सांगितलं. स्टेजवरचंही सांगितलं, माझ्या मूर्खपणासकट. बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"मागून दाखव." मी वळले. "आतून दाखव." मी अस्तर दाखवलं. "निळा घेतला," ते म्हणाले. मग आत वळून ओरडले, "अवं, ये इकडं! पोरीनं कोट शिवला, पाहा!"

आई येईपर्यंत सिस्टर माझ्या खांद्यामागून फोनमध्ये डोकावल्या. बाबांनी विचारलं, "ह्याच काय त्या?" मी म्हटलं, हो. बाबा खुर्चीवरून उठले. खुंटीवरचा शर्ट घेऊन घातला, वरपर्यंत बटणं लावली, ताठ उभे राहिले आणि हात जोडले. "जय भीम, सिस्टर."

"काय म्हणाले?" सिस्टरांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्यात भेटल्यावर असं म्हणतात. त्या नीट सरळ उभ्या राहिल्या, हात जोडले, आणि दोन्ही शब्द सावकाश, जसेच्या तसे म्हणाल्या.

"त्याह्यले सांग," बाबा म्हणाले, "आमच्या घरात हा पहिला कोट हाय."

मी सांगितलं. सिस्टरांनी मान हलवली. एकीकडं पंखा फिरतोय, एकीकडं पाणी ठिबकतंय, आणि दोघंही तशीच उभी, एकमेकांकडं बघत. बाबांचे गुडघे दुखायचे, सिस्टरांची कंबर. मी म्हटलं, "बाबा, बसा ना. सिस्टर, तुम्हीही बसा."

आधी कोणी बसेना.